पारवीच्या पाठीवरचं वझं

शहादेव साईस माणसांशी जेवढ्यास तेवढं बोलायचा. उरलेलं सगळं बोलणं तो घोड्यांसाठी राखून ठेवायचा. त्याचा बाप मोमिनाबादच्या छावणीत रिसाल्याच्या घोड्यांना खरारा करत आयुष्य काढून गेला. पुढं छावणी उठली, आणि पोरगा सुंदरराव देशमुखांच्या पागेत आला. पागा म्हणायची आपली पद्धत. होती एकच घोडी. पण त्या एका घोडीवर सुंदररावांचा जेवढा जीव होता, तेवढा हैदराबादच्या एखाद्या नवाबाचा सगळ्या तबेल्यावर मिळून नसेल. करडा-निळा रंग, पारव्याच्या मानेचा असतो तसा, म्हणून तिचं नाव पारवी.

पौषात सुंदरराव तापानं गेले. चैत्र संपता संपता त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, घोडी विकली. लोक म्हणाले, बाईंनी घाई केली. बाईंनी कुणाला कारण सांगितलं नाही. गेवराईकडच्या मोहनरावांनी घोडी घेतली आणि वर निरोप पाठवला, की घोडीबरोबर तिचा माणूसही द्या, आमच्याकडं घोड्यातलं कळणारं कुणी नाही. हे ऐकून शहादेवला काय वाटलं ते तो कुणापाशी बोलला नाही, पण त्या दिवशी त्यानं पारवीला दोनदा खरारा केला. ती त्याच्या हातावर जन्मली होती. ती निघून जाणार आणि आपण रिकाम्या ठाणापाशी बसून राहणार, या विचारानं त्याची झोप उडाली होती. आता तो घोर मिटला. फक्त घोडी धडधाकट पोचवायची होती. पारवी गाभण होती, दिवस भरत आले होते, आणि मोहनरावांनी स्पष्ट कळवलं होतं, वाटेत काही दगाफटका झाला तर घोडीही नको आणि माणूसही नको.

गाभण घोडी उन्हातान्हात एवढी लांब चालवायची नाही, म्हणून मोहनरावांनी मोटार पाठवली. मोटारीमागं एक गाडा जोडलेला होता. दोन रबरी चाकं, चारी बाजूंनी पुरुषभर उंचीच्या फळ्या, वर पत्रा. मागची फळी खाली सोडली की तिचा उतार व्हायचा. वर उचलून बाहेरून कडी घातली की पेटी बंद. हैदराबादेत शर्यतीची घोडी अशाच गाड्यांतून मिरवतात, असं बद्रीनाथ ड्रायव्हर ज्याला त्याला सांगत होता. गाडा जणू त्यानंच घडवला होता.

पण पारवीला हैदराबादचं काय कौतुक! ती फळीवर पाय ठेवेना. गूळ दाखवला, डोळ्यांवर फडकं बांधलं, मागून दोर लावून लोटलं. ऊन चढायला लागलं तशी बद्रीनाथची जीभ सुटली.

"आरं, घोडी हाय का धोंडा? दुपारच्या आत घाट उतरायचा हाय बे मला!"

शेवटी शहादेवनं सगळ्यांना बाजूला केलं. रोज सकाळी सुंदरराव स्वार झाले, की तो त्यांचा पाय रिकिबीत नीट बसवायचा आणि विचारायचा, "बसले का सरकार? चला." हे शब्द कानावर पडल्याशिवाय पारवी पाऊल उचलायची नाही. तिला सवयच तशी लावलेली होती. शहादेव तिच्या डाव्या अंगाला उभा राहिला आणि रोजच्याच आवाजात म्हणाला,

"बसले का सरकार? चला."

पारवीनं कान मागं घेतले. तिची पाठ जराशी दबली. मग ती मुकाट्यानं फळी चढून आत गेली.

बद्रीनाथ खो खो हसला. "हे आधी म्हनायला काय झालतं तुला?"

दारापुढच्या ढाळजेत, ओसरीवर, उभ्या असलेल्या बाईसाहेब मात्र हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"शहादेव," त्या हळूच म्हणाल्या, "हे काय बोललास रे तू?"

"कुठं काय, बाईसाहेब? सवय हाय तिला."

 रिकाम्या घोडीकडं बघावं तसं बाईसाहेब पारवीकडं बघत नव्हत्या, एवढं शहादेवच्या लक्षात आलं, पण निघायच्या गडबडीत त्यानं ते मनावर घेतलं नाही. खोगीर आणि उरलेली वैरण न्यायला मोटार दुसऱ्या दिवशी परत यायची होती. तेव्हाच शहादेवची बायको भामाबाई आणि त्यांचं बोचकंही घ्यायचं ठरलं होतं. शहादेव बद्रीनाथच्या शेजारी जाऊन बसला आणि मोटार निघाली.

धारूर येईपर्यंत बद्रीनाथ कुरकुरत होता. मोटार जड चालत होती. चढावर दम खात होती, वळणावर मागचा गाडा ओढून धरत होता.

"एक घोडी भरलीय का दोन?" तो म्हणाला. "हिच्या पोटात काय हत्तीचं पिल्लू हाय का बे?"

शहादेव हसला. तो आज खुशीत होता.

धारूर मागं पडलं आणि घाट सुरू झाला. सूर्य डोक्यावर होता. बालाघाटाच्या त्या डोंगरात वैशाखात काही म्हणजे काही नसतं. सीताफळीच्या नुसत्या काटक्या उरलेल्या, गवत जळून गेलेलं, आणि तापलेला खडक. डावीकडं दरी, उजवीकडं कडा, मध्ये एका गाडीपुरता रस्ता. निम्मा घाट उतरला असेल-नसेल, तोच मागं बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. गाडा डावीकडं कलंडला, मोटार हिसका खाऊन थांबली.

डावं चाक बसलं होतं. दरीच्या अंगाचं.

बद्रीनाथनं मोटारीच्या चाकांखाली दगड लावले, पंक्चर झालेलं रबर बोटानं चाचपलं आणि निजामापासून मोहनरावांपर्यंत सगळ्यांना शिव्या दिल्या. जॅक होता, दुसरं चाकही होतं. फक्त भरलेला गाडा उचलायचा होता. घोडी उतरवावी म्हटलं, तर गाडा कललेला. तिरक्या फळीवरून गाभण घोडी मागं पाय टाकत उतरली आणि पाय घसरला की संपलंच. उतरली तरी परत कधी चढायची?

"तू आत जा," बद्रीनाथ म्हणाला. "घोडीला उजवीकडं रेटून धर. तिचा भार तिकडं गेला की ही बाजू हलकी व्हईल. मी उचलतो. म्या हाक मारल्याबिगर तिला हलू देऊ नगंस."

मागची फळी त्यानं हातभर खाली केली. शहादेव फटीतून आत सरकला. फळी वर गेली. बाहेरून कडी पडली.

आत अंधार होता. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत बळदात असावा तसा अंधार. फटींतून उन्हाच्या रेघा येत होत्या, पण त्यांनी काही दिसत नव्हतं. तापलेल्या पत्र्याचा, लिदीचा, घामाचा वास कोंडला होता. शहादेव चाचपत पारवीच्या डाव्या बाजूला गेला, तिच्या बरगडीला खांदा लावला आणि तिला उजवीकडं रेटलं.

"सरक बाई... सरक माझी माय."

पारवी सरकली. बाहेर जॅकचा दांडा कुरकुरायला लागला. कर्र... कर्र... कर्र... पायाखालची फळी बोटभर वर आली. मग धप्पकन खाली बसली.

"शहादेव! घोडी घेतली न्हाईस का उजवीकडं?"

"घेतली की. पार फळीला चिकटून हाय."

"मंग उचलंना कावून?"

परत कर्र कर्र. परत धप्प.

"सकाळी रिकामा गाडा उचलून बघितलाय मी," बाहेरून बद्रीनाथचा धापा टाकणारा आवाज आला. "एका घोडीचं वझं आसून आसून किती आसंल? आत अजून काय हाय बे?"

"काय न्हाई. मी अन् घोडी."

असं म्हणताना शहादेवला जाणवलं, की पारवी आता उजव्या फळीला टेकलेली नाही. ती आपणहून गाड्याच्या मधोमध येऊन उभी राहिली होती. चारी पाय नेटके रोवून, मान आखडून, पाठ जराशी खाली घेऊन. मोकळं घोडं असं उभं राहत नाही. ते एका पायावर भार टाकतं, मान सोडतं, शेपूट हलवतं. असं घोडं उभं राहतं ते एकाच वेळी, आणि ती वेळ कुठली हे शहादेवइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याच्या मानेवरचा घाम गार झाला.

तेवढ्यात वर, त्याच्या डोक्याच्या वर, चामडं कुरकुरलं.

बसल्या बसल्या स्वार मांड बदलतो तेव्हा खोगीर कुरकुरतं, तसं. आणि पारवीच्या पाठीवर खोगीर नव्हतं. ते घरी खुंटीला टांगलेलं होतं. त्यानंच टांगलं होतं.

"बद्रीनाथ..."

"काय?"

"फळी खोल."

"येडा झालास का? आत्ता फळी सोडली तर जॅक निसटंल. गप ऱ्हा."

मग वास आला. हिन्याच्या अत्तराचा. हिना थंडीचा, उन्हाळ्यात लोक वाळ्याचं अत्तर लावतात, सुंदररावही वाळाच लावत. पण सुंदरराव पौषात गेले होते, आणि पौषात त्यांच्या कानात हिन्याचा फाया असायचा.  त्यानं हात वर केला. करू नये असं वाटत असतानाही केला. पारवीची मान घामानं थबथबलेली होती. खांदे ओले, कूस ओली. पण पाठीच्या मध्यावर, बैठकीएवढ्या जागेत, केस कोरडे होते आणि चपटे बसले होते. ती जागा विहिरीच्या आतल्या दगडाएवढी गार होती. त्यानं हात झटकन मागं घेतला.

त्याच्या दुसऱ्या हातातली म्होरकी कुणीतरी अलगद वर ओढून घेतली.

आता त्याला बाईसाहेबांचा उतरलेला चेहरा आठवला. आता कळलं, त्या कशाला घाबरल्या होत्या. रोजच्या सवयीनं आपण विचारलं, बसले का सरकार. आणि सरकार बसले. कुणी बोलावलं नसतं तर ते आपल्या जागी राहिले असते. आपण त्यांना घोडीवर बसवलं आणि चला म्हटलं.

"शहादेव!" बद्रीनाथचा आवाज बदलला होता. "जॅकखालचा दगड सरकाया लागलाय... गाडा दरीकडं ओढतोय. घोडी धर! उजवीकडं घे तिला!"

शहादेवनं सगळं बळ लावलं. पारवी तसूभर हलली नाही. तिचा दोष नव्हता, हुकूम पाठीवरून येत होता आणि तो थांबण्याचा होता. गाडा डावीकडं झुकत चालला. फटीतून आता रस्ता दिसत नव्हता, दरी दिसत होती, खूप खाली. पारवीच्या पोटात काहीतरी हललं. तिच्या कुशीला टेकलेल्या शहादेवच्या छातीला ते कळलं, आणि त्याला रडू फुटलं. स्वतःसाठी नव्हे, शपथ घेऊन सांगावं इतकं नक्की. त्या अजून न जन्मलेल्या शिंगरासाठी.

सरकारांना उतरवायला हवं होतं. ते त्याचंच काम होतं. पण स्वार उतरतो तो डाव्या बाजूनं, आणि डाव्या बाजूला तर चाक बसलेलं आणि खाली दरी.

"बद्रीनाथ, हात काढ. गाड्यापासून लांब हो."

"आरं पन..."

"लांब हो म्हनतो ना!"

बाहेर पावलं वाजली, मागं सरली. शहादेव पारवीच्या डाव्या अंगाला, रोज उभा राहायचा तिथं, पाय रोवून उभा राहिला. खांदा पुढं केला.  

"उतरा सरकार..."

काहीच झालं नाही. मोटारीचं तापलेलं लोखंड टिकटिक करत होतं. पारवीनं श्वास धरला होता. मग वर चामडं लांबलचक कुरकुरलं, आणि शहादेवच्या उजव्या खांद्यावर हात पडला.

तो हात त्याच्या ओळखीचा होता. एवढी वर्षं तो रोज तिथंच पडायचा. त्या हातावर अख्ख्या माणसाचा भार आला, शहादेवचे गुडघे वाकले, गाडा एकदा जोरात डावीकडं कलंडला... आणि थांबला.

पारवीनं सगळं अंग झटकलं. खोगीर काढल्यावर घोडं झटकतं तसं, कानापासून शेपटीपर्यंत. ती फुरफुरली आणि जाऊन उजव्या फळीला टेकली.

"आता कसा फुलावानी उचलला!" थोड्या वेळानं बाहेरून बद्रीनाथ ओरडला. "काय केलंस बे?"

 बाहेर जुनं चाक निघालं, नवं बसलं, हातोडीचे घाव पडले. शहादेवनं आतून फळीवर मुठी आपटल्या.

"खोल... मला भाईर घे."

"घाट उतरल्यावर. हितं आता क्षनभर थांबायचं न्हाई मला. घोडीला धरून बस."

मोटार सुरू झाली. घाट उतरला, तेलगाव गेलं, वडवणी गेलं. कदाचित इंजिनाच्या आवाजात बद्रीनाथला हाका ऐकू गेल्या नसतील. कदाचित त्यालाही ती फळी उघडावीशी वाटली नसेल. शहादेव त्या अंधारात घोडीची आयाळ घट्ट धरून उभा राहिला. त्याच्या कानापाशी कुणीतरी श्वास घेत होतं. घोडीचं तोंड दुसऱ्या अंगाला होतं. त्यानं एकदाही मान वळवली नाही.

गेवराईला दिवेलागणीच्या आत पोचले. फळी खाली आली, पारवी ऐटीत उतरली. मोहनराव स्वतः अंगणात आले होते. त्यांनी घोडीच्या पोटावरून हात फिरवला, दात पाहिले, खूर पाहिले, खूष झाले.

"शाब्बास!" ते शहादेवला म्हणाले. "उद्या बिऱ्हाड घेऊन ये. तुझी खोली झाडून ठेवतो."

एवढ्या दिवसांत ज्याची आस धरली, ते हेच. पण शहादेवनं म्होरकी धरायला हात पुढं केला, तेव्हा पारवी त्याच्याकडं बघून दोन पावलं मागं सरली. मग त्याच्या खांद्याकडं बघत, चारी पाय नेटके रोवून, ताठ उभी राहिली.

खांदा ठणकत होता. घोडी रेटून भरला असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. तबेल्यातल्या गड्यानं तेल चोळून दिलं. चोळताना तो म्हणाला, "पावनं, हितं काय बर्फ ठेवलं होतं का?" शहादेव रात्रभर जागा राहिला, आणि पहाटे त्याला एक गोष्ट सुचली, तेव्हा कुठं त्याला धीर आला.

सुंदररावांचा एक गुडघा अधू होता. रपेटीवरून आले की ते शहादेवच्या खांद्याला धरून उतरायचे, आणि तसेच, त्या खांद्यावर हात ठेवून, अंगणातून घराच्या उंबऱ्यापर्यंत चालत जायचे. उंबऱ्याशी गेले की हात काढून घ्यायचे. तिथून ते आत, आणि शहादेव माघारी पागेकडं. म्हणजे काही अघटित घडलं नव्हतं, नुसतं राहिलेलं काम होतं. उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडायचं की सुटलो. भामाबाईला घ्यायचं, बोचकं घ्यायचं, आणि रात्रीपर्यंत परत पारवीपाशी.

दुसऱ्या दिवशी परत जाताना रिकामा गाडा मागं उड्या मारत होता. बद्रीनाथ मात्र मोटार हाकता हाकता सारखा शहादेवकडं बघत होता.

"मोटार तुझ्याच अंगाला कावून दबतीय बे?"

शहादेव अंग चोरून दाराकडं सरकला.

उन्हं कलायला लागली तेव्हा मोटार देशमुखांच्या दारात थांबली. भामाबाई बोचकं बांधून पागेच्या सावलीत बसलेलीच होती. नवऱ्याला बघून ती उठली.

"आलोच," शहादेव तिला म्हणाला. "बाईसाहेबांना सांगून येतो."

"आटप लवकर," बद्रीनाथ वैरण भरता भरता म्हणाला. "घाटात आंधार नगं."

शहादेव अंगणातून चालत निघाला. आपण हळू चालतो आहोत, एक पाय ओढणाऱ्या माणसाला सांभाळून घ्यावं तसं थांबत थांबत चालतो आहोत, हे त्याला कळत होतं. पण आता थोडंच उरलं होतं. ढाळज ओलांडून तो उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला.

"सरकार," तो पुटपुटला. "घर आलं."

तो वाट बघत राहिला. मोटारीचा आवाज ऐकून आतून वच्छलाबाई आल्या. एरवी त्या दुरूनच, "काय रे, आलास?" म्हणून विचारायच्या. आज त्या दारात आल्या आणि थबकल्या. त्यांनी शहादेवकडं पाहिलं. मग नजर खाली घातली, डोक्यावरचा पदर कपाळावर ओढून घेतला, आणि वाट देण्यासाठी अंग चोरून दाराच्या एका बाजूला झाल्या. साईसापुढं देशमुखांच्या बाईनं असं कधी करावं?

"आलात?" त्या म्हणाल्या.

बाईसाहेब, मी शहादेव, असं त्याला सांगायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"आत या," बाई खाली बघतच म्हणाल्या. त्यांचा आवाज थरथरत होता, भीतीनं की आणखी कशानं ते कळत नव्हतं. "पाय धुवायला पाणी काढून ठेवलंय."

शहादेव खांद्यावरचा हात निघायची वाट बघत होता. तो निघाला नाही. त्यानं शहादेवला हळूच पुढं रेटलं.

बाहेर बद्रीनाथनं भोंगा वाजवला. थांबून परत वाजवला. "आवं, येताय न्हवं?" भामाबाईची हाक अंगणातून आली. ती त्याला लख्ख ऐकू आली, आणि ओ देण्यासाठी त्याचा जीव नुसता तळमळला. पण ज्या उंबऱ्याच्या आत त्यानं जन्मात कधी पाऊल टाकलं नव्हतं, तो उंबरा त्याचे पाय ओलांडत होते. रोजची वाट असावी तसे, न अडखळता.

तो आत गेल्यावर बाईंनी दार लोटलं आणि आतून कडी घातली.